निरोगी नमुना

बाईंना गोळ्या खाणाऱ्या माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. बाईंना त्यांची कीव यायची, आणि कीवसुद्धा त्या अशी करायच्या की समोरच्याला वाटावं, यापेक्षा शिवी परवडली असती.

आजारी माणसाला डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्यांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा दात होता तो धडधाकट माणसांनी हौसेनं गिळायच्या गोळ्यांवर. केसांसाठी एक, नखांसाठी एक, हाडांसाठी, झोपेसाठी, उत्साहासाठी. औषधांच्या दुकानात गेलं की डोकेदुखीची गोळी कोपऱ्यात सापडते आणि जीवनसत्त्वांच्या बाटल्यांनी मात्र भिंतीच्या भिंती अडवलेल्या असतात. बाटलीवर एखादी पांढऱ्याशुभ्र दातांची बाई टेकडीवर पळत असते. ती कुठे पळते आहे आणि तिच्यामागे कोण लागलंय, हे कुणी विचारत नाही.

"पालेभाजी समोर आली की तोंड वाकडं करायचं आणि तिचाच अर्क बाटलीतून विकत घ्यायचा," बाई म्हणायच्या. "मग दात कशाला दिलेत? फोटोत दाखवायला?"

असं बोलायचा त्यांना अधिकार होता, म्हणजे निदान पगार तरी त्याचाच मिळत होता. आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. प्रयोगशाळा तळघरात होती, कारण वरच्या मजल्यांवरच्या विद्वानांनी वासाची तक्रार केली होती. तिथे बाईंनी एक काचेचं आतडं उभं केलं होतं. नळ्यांनी एकमेकांना जोडलेली काचेची भांडी, भोवती कोमट पाणी, आत हवेचा मागमूस नाही आणि वरून थेंब थेंब गळणारं पातळ केलेलं अन्न. त्यात माणसाची ताजी विष्ठा कालवून सोडली की जिवाणूंना वाटायचं आपण घरीच आहोत, आणि ते बिनबोभाट संसाराला लागायचे.

अशी दोन आतडी शेजारी शेजारी चालायची. एकात बाजारातली गोळी विरघळवून घालायची, दुसऱ्यात नुसतं अन्न. मग कुठले जिवाणू माजले आणि कुठले उपाशी मेले, ते मोजायचं. सध्या पाळी लोहाच्या गोळ्यांची होती. बाईंचं म्हणणं सरळ होतं. गरज नसताना गिळलेलं लोह अंगी लागत नाही. ते तसंच खाली मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले गुंड जिवाणू त्यावर तुटून पडतात. दह्यात असतात तसल्या गरीब जिवाणूंना लोहाचं फारसं कौतुक नाही, त्यामुळे गुंडांच्या गर्दीत ते बिचारे चेंगरतात. हे त्यांना सप्रमाण दाखवायचं होतं. वर्षाअखेरीला मोठी परिषद होती आणि तिथलं पहिलं भाषण बाईंचं होतं.

आता अशा प्रयोगाला विष्ठा लागते ती शुद्ध माणसाची. जन्मात कधी हौसेची गोळी न घेतलेला, वेळेवर जेवणारा, वेळेवर जाणारा माणूस हवा. बाईंनी पुष्कळ शोधाशोध केली. तरुण मुलं भेटली तर ती व्यायामशाळेतल्या भुकट्यांवर पोसलेली. म्हातारी भेटली तर त्यांच्या उशाशी बाटल्यांचं गाव वसलेलं. शेवटी काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. तो माणूस बाईंच्या घरातच होता.

बाईंचे यजमान चष्म्याचं दुकान चालवायचे. शांत माणूस. उभा जन्म लोकांना 'हे अक्षर दिसतंय का, आणि आता?' असं विचारण्यात गेलेला, त्यामुळे उत्तराची वाट बघायची सवय लागलेली. बाईंनी विचारलं तेव्हा ते थोडे लाजले, मग म्हणाले, "एवीतेवी वायाच जाते की." तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ते घट्ट झाकणाचा डबा कापडी पिशवीतून तळघराच्या दारात आणून द्यायचे आणि मग दुकान उघडायला जायचे. प्रयोगशाळेतली पोरं कुजबुजायची, "नजराणा आला." त्यातला थोडा भाग काचेच्या आतड्यात जायचा आणि थोडा डबीत भरून गोठवणीच्या कपाटात. डबीवरची चिठ्ठी बाई स्वतःच्या हातानं लिहायच्या. तारीख आणि खाली एक शब्द: निरोगी.

चिठ्ठी त्या लिहायच्या, डबा मात्र उघडायच्या नाहीत. पद वाढलं की माणूस पहिल्यांदा घाण काम सोडतो. डबा उघडायचं काम त्यांच्या हाताखालच्या संशोधक मुलीकडे होतं. तिनं सुरुवातीला एकदा उत्साहानं सांगितलं होतं, "बाई, आजचा नमुना जरा हिरवट आहे." बाई भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "मला रंगांची वर्णनं नकोत. तू साडीच्या दुकानात नाहीस. आकडे दे." मुलगी हुशार होती. त्यानंतर तिनं फक्त आकडे दिले.

बाईंच्या कीवेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मात्र तळघरात नव्हतं, सासरी होतं. त्यांची नणंद. यजमानांची धाकटी बहीण. तिच्याकडे आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी होती आणि प्रत्येक कप्प्यात रंगीबेरंगी गोळ्या. ती डबी ती जेवणाच्या टेबलावर अशी मांडायची, जशी दुसरी बाई फुलदाणी मांडेल.

उन्हाळ्यात यजमानांचा साठावा वाढदिवस झाला तेव्हा सगळे जेवायला जमले होते. नणंदेनं डबी उघडली, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि दादाला म्हणाली, "तू पण सुरू कर ना काहीतरी. चेहरा बघ किती उतरलाय."

बाईंनी काटा खाली ठेवला. प्रयोगशाळेतल्या पोरांना ही खूण ठाऊक होती. काटा किंवा पेन खाली ठेवलं की कुणाची तरी शंभरी भरली.

"ही नारंगी कसली गं?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"सी."

"आणि ही?"

"जस्त. प्रतिकारशक्तीला."

"बरं. आता ऐक. यातली अर्धी तू उद्या सकाळी बाहेर टाकशील. या घरात सगळ्यात महागडी लघवी कुणाची असेल तर ती तुझी आहे. उरलेल्या अर्ध्यांवर तुझ्या आतड्यातले भामटे जेवतात. तू त्यांना पंचपक्वान्नं वाढतेस आणि वर विचारतेस, वहिनी, माझं पोट का फुगतं!"

टेबलावर हशा पिकला. नणंदेची मुलंसुद्धा हसली. नणंदेनं गोळ्या परत कप्प्यात टाकल्या, पण कुठल्या वाराच्या कुठल्या कप्प्यात ते तिला धड दिसेना, कारण डोळे भरून आले होते. यजमानही हसले. जरा उशिरा हसले, पण हसले. बाईंना ते हसणं पावतीसारखं वाटलं आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

पानगळ सुरू झाली आणि प्रयोग बिघडला.

बिघडला म्हणजे कसा? दोन्ही आतड्यांत सारखेच गुंड माजले. लोह घातलेल्या भांड्यात माजायलाच हवे होते, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण नुसतं अन्न घातलेल्या भांड्यातही तेच. गरीब जिवाणू दोन्हीकडे चेंगरलेले. दोन भांड्यांत फरकच नाही म्हटल्यावर गोळीला दोष कसा देणार? बाईंनी पुन्हा प्रयोग लावला. पुन्हा तेच. नळ्या बदलल्या, पाणी बदललं, अन्नाची पोती बदलली. जिवाणूंना कशाचं सोयरसुतक नव्हतं.

परिषद जवळ आली होती. बाईंनी संशोधक मुलीला बोलावलं आणि पेन खाली ठेवलं.

"तू दोन्ही भांड्यांत गोळी टाकतेस."

"नाही बाई."

"मग काचेला पाझर फुटलाय का? लोह काय चालत चालत गेलं त्या भांड्यात? धांदरटपणाला औषध नसतं. असतं तर तेही गोळीतून विकलं असतं लोकांनी."

बाईंनी तिला बाजूला सारलं आणि म्हणाल्या की सोमवारचा डबा आता आपण स्वतः उघडणार. दिलेलं काम नीट होत नसलं की शेवटी थोरामोठ्यांनाच हात घाण करावे लागतात, असंही म्हणाल्या.

सोमवारी यजमान पिशवी देऊन गेले. बाईंनी हातमोजे चढवले, आणि झाकण काढलं. डब्यातला नमुना डांबरासारखा काळा होता.

लोहाच्या गोळ्या खाणाऱ्याची विष्ठा काळी होते, हे बाईंना सांगायला कुणी नको होतं. त्यांच्याच पुस्तकात त्याचा फोटो होता.

"हे असं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"बरेच आठवडे झाले," मुलगी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"रंग सांगायचा नाही म्हणाला होतात." मग ती खाली मान घालून म्हणाली, "आणि सरांचं होतं. कसं बोलणार?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे नवरा गोळ्या खातो! दोन्ही भांड्यांतले गुंड त्याच्याच पोटातून माजून आलेले! बाई ज्या माणसाचा दाखला गावभर देत होत्या, तो शुद्ध माणूस चोरून लोह गिळतो आणि सोमवारी साळसूदपणे डबा आणून देतो. वर्षभराची मेहनत मातीत गेली, आणि घालवली कुणी, तर घरच्याच माणसानं. त्यांनी हातमोजे भिरकावले आणि तशाच तरातरा चष्म्याच्या दुकानात गेल्या.

यजमान काउंटरमागे स्टुलावर बसून भिंग घासत होते. पूर्वी ते हे काम उभ्यानं करायचे. ते बाईंना त्या क्षणी दिसलं नाही, दिसलं असतं तरी त्या वेळी त्यांना नवरा बघायचा नव्हता, गुन्हेगार बघायचा होता.

"काढा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"अहो, बाटली काढा. सोंग पुरे."

यजमानांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग खण उघडला आणि चष्म्याचं एक कडक घर बाहेर काढलं. आत मऊ कापड होतं, आणि कापडाखाली लोहाच्या गोळ्यांची पाकिटं.

"बहिणीनं दिल्या?"

"मी मागितल्या."

"वा! मागितल्यात! घरात आयुष्यभर मी कंठशोष करतेय आणि तुम्ही, म्हणजे तुम्हीसुद्धा... कशासाठी? टेकडीवर पळायचंय? केस यायचेत?"

"जिना चढवत नव्हता गं," यजमान म्हणाले. "दुसऱ्या वळणावर थांबावं लागायचं. तू बरोबर असलीस की मी फोन आलाय असं दाखवून थांबायचो. वाढदिवसाच्या आधीपासूनच होतं ते. मग बहिणीनं एकदा धरून नेलं आणि रक्त तपासलं. रक्त खूप कमी निघालं. तिथला माणूस म्हणाला, का कमी झालं ते मोठ्या डॉक्टरांना विचारा. तीसुद्धा म्हणाली, वहिनीला सांग, तिला पोटातलं सगळं कळतं. मी म्हटलं, त्यापेक्षा तुझ्या गोळ्याच दे."

"मला का नाही सांगितलंत?"

यजमानांनी भिंग फडक्यानं पुसलं, उजेडात धरलं, पुन्हा पुसलं. "त्या दिवशी जेवताना तिचं काय केलंस ते बघितलं ना मी. तू मला हसली असतीस."

"मी हसले नसते," बाई म्हणाल्या. साफ खोटं होतं. हसल्या असत्या, आणि चार लोकांना सांगूनही हसल्या असत्या.

रागाच्या भरात जे ऐकू आलं नव्हतं, ते आता ऐकू आलं. साठीचा पुरुष, वेळेवर जेवणारा, सगळं खाणारा. त्याचं रक्त कमी होतं. बायकांचं कमी झालं तर शंभर कारणं सापडतात. अशा पुरुषाचं कमी झालं तर पहिला प्रश्न एकच, ते कुठून तरी गळतंय का? पुष्कळदा ते आतड्यातूनच गळत असतं. आणि लोह सुरू झाल्यावर सगळंच काळं दिसतं. त्या काळ्यात रक्त असलं तरी कुणाच्या लक्षात येणार?

"कधी लाल दिसलं होतं? गोळ्यांच्या आधी?"

"कधीकधी गडद दिसायचं. लाल असं नाही. मला वाटलं, काही असतं तर तू बोलली असतीस. तुझ्याकडेच तर येत होतं."

बाई दुकानातून बाहेर पडल्या. तळघरात आल्या आणि गोठवणीचं कपाट उघडलं. आत डब्यांच्या रांगा होत्या. एका नवऱ्याचं वर्षभराचं पोट तिथे तारीखवार मांडलेलं होतं. त्यांनी वाढदिवसाच्याही आधीची, गोळ्या सुरू होण्याच्या कितीतरी आधीची एक डबी काढली. संशोधक मुलीला त्यांनी शेजारच्या तपासणी विभागातून रक्त शोधायची पट्टी आणायला सांगितलं. माणसाचं रक्त नुसत्या डोळ्यांना दिसत नसलं तरी ही पट्टी ते शोधते आणि गोळीतल्या लोहाला फसत नाही. साधी, स्वस्त पट्टी. बाईंच्या यंत्रांपुढे अगदीच पोरखेळ. त्या यंत्रांनी याच डबीतल्या शेकडो जातींच्या जिवाणूंची खानेसुमारी केली होती. रक्त आहे का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी नमुना वितळू दिला, द्रावणात कालवला, थेंब टाकला. पट्टीवर एक रेघ उमटली, ती पट्टी चांगली असल्याची. मग हळूहळू तिच्याशेजारी दुसरी उमटली, रक्ताची.

त्यांनी त्याच्याही मागची डबी काढली. तिथेही दुसरी रेघ उमटली. दोन्ही डब्यांवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, निरोगी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात उभी हयात गेली आणि स्वतःच्या घरातलं मुसळ त्यांनी चिठ्ठी लावून थंडगार जपून ठेवलं होतं. बाईंना स्वतःची कीव आली नाही. कीव त्यांनी इतकी वर्षं इतरांवर उधळली होती. स्वतःची त्यांना किळस आली.

"बाई, मी परत एकदा करून बघू?" मुलीनं हळूच विचारलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. मग त्या मुलीकडे न बघता म्हणाल्या, "तू रंग सांगत होतीस ते बरोबर होतं." एवढंच म्हणाल्या. माफी मागण्याची सवय नसली की ती अशी तुकड्यातुकड्यांनी निघते.

त्याच आठवड्यात इस्पितळात दुर्बीण घालून तपासणी झाली. नणंद आधीच येऊन बाकावर बसली होती. तिची सात कप्प्यांची डबी पिशवीतून डोकावत होती. वहिनी दिसताच तिनं ती घाईघाईनं आत ढकलली. बाईंनी ते पाहिलं. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण जिभेला वळण वेगळंच होतं. त्या नणंदेशेजारी नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं नणंदच म्हणाली, "वहिनी, काही खाल्लंत का सकाळपासून?"

मग त्यांना आत बोलावलं. डॉक्टरीण वयानं लहान होती, बोलायला स्वच्छ. आतड्यात गाठ आहे, ती म्हणाली. तुकडा तपासायला पाठवलाय, शस्त्रक्रिया तर करावीच लागेल. गाठ आजची नाही, बरेच महिने ती थोडं थोडं रक्त गाळत असणार. लवकर लक्षात आलं असतं तर काम सोपं होतं. आता किती पसरली आहे ते बघावं लागेल.

यजमान खाटेवर उशीला टेकून बसले होते. चष्मा काढलेला होता, त्यामुळे ते एकदम अनोळखी आणि फार थकलेले दिसत होते. इतका उतरलेला चेहरा नणंदेला उन्हाळ्यातच दिसला होता.

डॉक्टरीण कागद चाळत म्हणाली, "या वयात साधी विष्ठेची तपासणी जरी केली असती तरी कळलं असतं. तुम्ही कधी केलीच नाही का?"

"केली ना," यजमान म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. होता तो भाबडा अभिमान, आणि बाईंना तोच सोसवेना. "ही दर सोमवारी तपासते."

डॉक्टरिणीनं मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. "दर सोमवारी? मग काय दिसलं होतं?"

"जिवाणू," बाई म्हणाल्या.